रविवारचा वर्ग

मांय, तुला जाऊन बारा वर्षं झाली. मी मुंबईच्या हॉस्पिटलातून निवृत्त होऊन वेंगुर्ल्याच्या घरी आले, त्यालाही आता दुसरं वर्ष लागलं. तू आरोग्य केंद्रातली नर्स, मीही नर्स, पण एका गोष्टीवर आपलं कधी पटलं नाही. दर रविवारी मिस्सा संपली की तू चर्चच्या व्हरांड्यात बायकांना जमवून जखम धुवायला, ताप बघायला, अंथरुणाला खिळलेल्याची कूस बदलायला शिकवायचीस. कोणी मासे विकणारी, कोणी काजूच्या कारखान्यात जाणारी. एकदा रजेवर आले असताना मी त्यांच्यासमोरच म्हटलं, हे शिकलेल्यांचं काम आहे, काही चुकलं तर जबाबदार कोण? तू त्यांचा वर्ग पुरा केलास. घरी येऊन चुलीवर पेज ठेवलीस आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणालीस, "तुझ्या हॉस्पिटलात खाट आसा, घंटी आसा. हंय वाडीत माणूस पडलो तर कोण आसा? शेजारीण. मगे तिका शिकवूक नको?" मला पटलं नव्हतं.

गेल्या वर्षी नवे फादर घरी आले. तुझ्यानंतर बंद पडलेला वर्ग मी सुरू करावा, असं त्यांचं म्हणणं. नाही म्हणायला कारण सुचलं नाही. पहिल्या रविवारी सातजण आले. मी फळ्यावर लिहून तासभर बोलले. सगळे मान हलवत होते आणि कोणालाच काही कळत नव्हतं, हे मला दिसत होतं. शेवटी तुझ्या हाताखाली शिकलेली मासेवाली उठली. तिचे केस आता पिकलेत. "बाय, तू जरा बस," असं मला म्हणून तिने एका बाईला बाकावर आडवं केलं, अंगाखाली चादर सरकवली आणि एकटीने तिला अलगद कुशीवर वळवलं. हात अगदी तुझ्यासारखे ठेवले होते. मग सगळ्यांनी करून बघितलं. पुढच्या रविवारी मी फळा काढला नाही.

पावसाळ्यानंतर मासेवाली आणि मी डोंगराकडच्या एका वाडीत आजारी माणूस बघायला गेलो. काजूच्या बागेत राबलेला म्हातारा, अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं, वर मधुमेह. बायको त्याचं सगळं करायची, पण तीही थकलेली. मी दारातल्या उजेडात बसले, तिच्याकडून गोळ्यांची पाकिटं घेतली, रक्तदाब मोजला, वहीत लिहिलं. मासेवालीने हात धुतले आणि ती त्याच्या उशाशी गेली. "आजोबांनू, कुशीर घालतंय तुमका. दुखला तर सांगा." तो हसला. बऱ्याच दिवसांनी कोणी त्याला विचारून हात लावत होतं, असं नंतर त्याची बायको म्हणाली. पाठ पुसून झाल्यावर तिने पायांवरचं पांघरूण काढलं, आणि थांबली.

"बाय, हंय ये गो. ही टाच बघ."

टाच काळी पडली होती. पाऊल गार. मी वही खाली ठेवली. पायांवरचं पांघरूण मी उचललंच नव्हतं. पस्तीस वर्षं नोकरी केली मी, मांय.

त्याच दुपारी रिक्षा करून आम्ही त्याला रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी सडलेला भाग काढला. आणखी आठवडा गेला असता तर पाय गुडघ्यापासून गेला असता, असं ते म्हणाले. आता वर्गातल्या बायका आळीपाळीने ड्रेसिंग करायला जातात. जखम भरत आली आहे. परवा त्याच्या बायकोने माझ्यासाठी नाचणीच्या भाकऱ्या पाठवल्या.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. वहीतच राहील. गेल्या रविवारी मिस्सेनंतर फादरनी सगळ्यांसमोर सांगितलं, की आमच्या नर्सबाईंच्या अनुभवी नजरेमुळे एका गरिबाचा पाय वाचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मासेवाली मागच्या बाकावर होती, तीही वाजवत होती. मी उठले, हात जोडले, आणि खाली बसले.