चार बोटं डावीकडे

१२ सप्टेंबर १९७१, रविवार

डेल्मर येऊन गेला. होबर्टची बंदूक मागायला आलो नाही, असं दोनदा म्हणाला. जे मागायचंच नाही ते माणूस दोनदा कशाला सांगेल?

सासऱ्यांनी घालून दिलेला नियम दोघा भावांना तोंडपाठ. पणजोबांची ठासणीची बंदूक ज्या घरी असेल, त्या घरच्याने दर नोव्हेंबरात गोऱ्ह्याच्या पैजेत, म्हणजे गोऱ्हा बक्षीस असलेल्या नेमबाजीत, तिच्याच नळीने नेम धरायचा. गोऱ्ह्याचे पाच वाटे होतात, त्यातला एक तरी घरी आणायचा. नाही आणला तर बंदूक दुसऱ्या भावाकडे. होबर्ट मार्चमध्ये गेला. दुसरा भाऊ म्हणजे डेल्मर.

आणि तोच म्हणतो, "वहिनी, मी शिकवतो तुम्हाला." कुठेतरी पाणी मुरतंय.

पण बंदूक मी देणार नाही. दस्त्यावर होबर्टच्या गालाने झिजलेली जागा आहे. त्याचं असं दुसरं काय उरलंय या घरात?

१८ सप्टेंबर

पहिला धडा, कोठारामागे. आधी मापाने दारू नळीत. मग गुरांच्या चरबीत बुडवलेली चिंधी, तिच्यावर शिशाची गोळी, गजाने तळापर्यंत ठासायची. गजावर एक खूण आहे, ती नळीच्या तोंडाशी आली की गोळी बसली. मग बंदुकीच्या कानाजवळच्या, म्हणजे नळीच्या बाजूला असलेल्या बारीक भोकाजवळच्या, वाटीत चिमूटभर दारू, आणि चाप.

चकमक पडली, वाटी भुस्सकन पेटली, आणि मी डोळे मिटले. त्यानंतर बार उडाला. मधल्या वेळात माणूस चहा पिऊन येईल. गोळी कुठे गेली देवाला ठाऊक.

"पहिल्यांदा सगळेच मिटतात," डेल्मर म्हणाला. हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं. मनात काही असलं की माणूस हसायचं टाळतो.

२५ सप्टेंबर

आज दारूच टाकली नाही! नुसतीच गोळी ठासली. चाप ओढते, ओढते, वाटीच पेटते. डेल्मर तेव्हा शेजारच्या गाईबद्दल काहीतरी सांगत होता. ऐन दारू भरताना याला गाय बरी आठवली.

त्याने कानाच्या बारीक भोकातून कण कण दारू आत सरकवली आणि गोळी बाहेर उडवली. म्हणाला, "बार भरताना कुणी बोललं तर गप्प बसवायचं, वहिनी. मलासुद्धा." बोलायचं आपण आणि धडा मला.

२ ऑक्टोबर

डोळे उघडे राहतात आता. गोळ्या फळीला लागतात. सगळ्या डावीकडे. फळीवर नेमासाठी लावलेल्या कागदापासून चार बोटं, एकीला एक चिकटून.

"डावीकडे का जातात?" म्हटलं.

"जाऊ देत. जातात तिथे एकत्र जातात ना? मग हात स्थिर आहे तुमचा."

असा कुठला गुरू असतो, जो चुकलेल्या नेमाला जाऊ दे म्हणतो?

३ ऑक्टोबर, रविवार

चर्चनंतर मोझेल कॉफीला. शेजारीण म्हणून चांगली आहे, पण तिच्या पोटात काही राहत नाही. म्हणाली, "डेल्मरवर फार विश्वास टाकू नकोस, आर्ली. शेवटच्या हिवाळ्यात होबर्ट दर शनिवारी कुठे असायचा? त्याच्याच पडवीत. आणि घरी येताना गाडी रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेवर. मी खिडकीतून पाहिलंय."

तिला वाटतं मला हे नवीन आहे. वीस वर्षांपूर्वी होबर्टने माझ्यासमोर बायबलवर हात ठेवून दारू सोडली. आणि मार्चमध्ये, ज्या रस्त्यावर तो लहानाचा मोठा झाला त्याच रस्त्याच्या वळणावर गाडी सरळ ओढ्यात घातली. दुपारी. कोरड्या रस्त्यावर. गाडीत बाटली सापडली नाही. बाटली काय, माणूस पडवीत रिकामी करून निघतो.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. कॉफी कपाबाहेर ओतायचा. रात्रीचं बायबल वाचणं माझ्यावर सोडलं, चष्मा बदलायला झाला म्हणे. आणि माझ्याकडे सरळ बघायचाच नाही. मी समोर बसले की तोंड जरा वळवून कडेने बघायचा. तेवीस वर्षं संसार केलेल्या बायकोकडे चोरासारखं. मनात पाप असलं की नजर फिरते.

पुरल्यापासून मी त्याच्या थडग्यावर गेलेले नाही. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं.

९ ऑक्टोबर

सापडलं!

बंदूक धुवत होते. कढत पाणी नळीत ओतायचं, काळं पाणी निघून जाईपर्यंत. मागची पितळी खाच, जिच्यातून नळीच्या टोकावरची नेमाची माशी बघायची, ती पुसताना हाताला खरखरीत लागलं. उजेडात नेलं. खाच बसवली तेव्हाची जुनी रेघ नळीवर आहे, खाचेवरही आहे. दोन रेघा एकमेकींना मिळत नाहीत. खाच डावीकडे सरकवलेली आहे, नखाच्या कडेइतकी. पितळेवर ठोकल्याच्या खुणा, त्या लपवायला वर तेल चोपडलेलं.

खाच डावीकडे, गोळी डावीकडे.

हत्यारं कुणाकडे आहेत? डेल्मरकडे. मार्चपासून मेपर्यंत बंदूक कुणाकडे होती? "तेलपाणी करून ठेवतो" म्हणून कोण घेऊन गेला होता? गोड बोलून गळा कापणं म्हणजे काय ते आज पाहिलं.

खाच परत ठोकायला हातोडी घेतली होती. मग ठेवून दिली. पुरावा आहे, आहे तसा राहू दे. मीच चार बोटं उजवीकडे नेम धरीन, वाटा घरी आणीन, आणि मग सगळ्यांसमोर त्याला या दोन रेघा दाखवीन.

१६ ऑक्टोबर

डेल्मरपुढे काही बोलले नाही. त्याला मक्याची भाकरी आणि घेवडा वाढला. पोटभर जेवला. कसं उतरतं घशाखाली?

३० ऑक्टोबर

आज तो माझ्यासाठी पैजेची फळी करून घेऊन आला. आगीवर काळी केलेली, चाकूने फुली कोरलेली. पैजेत मोजतात ते फुलीपासून. काळ्यावर नेम दिसावा म्हणून पांढरा टोकदार कागद लावतात, त्याच्या टोकावर नेम धरायचा, आणि तो कुठे लावायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. डेल्मरने कागद फुलीपासून चार बोटं उजवीकडे लावला होता.

"हा वाकडा कागद कशाला?"

"लोक लावतात असा. बंदूक जिथे मारते तिथे फुली आणायची. त्यात लाज नाही, वहिनी."

होबर्टचा कागद कधी वाकडा नसायचा. मी बावीस पैजा पाहिल्या, त्याच्या कागदाचं टोक कायम फुलीवर. गावात त्याचा दाखला देतात अजून. आणि त्याच्या बायकोने त्याच्याच बंदुकीने वाकडा कागद लावून नेम धरायचा, म्हणजे हसंच व्हायचं की! तेच हवं असेल याला.

तो गेल्यावर फळी चुलीत घातली. माझी मी केली. टोक फुलीवर.

५ नोव्हेंबर

उद्या पैज. शिसं ओतून ठेवलं, चिंध्या कापल्या. होबर्टवर राग येतोय, इथे असायला हवा होता म्हणून.

६ नोव्हेंबर, शनिवार

ओंडका, साठ पावलांवर फळ्या, आणि मी सोडून सगळे पुरुष. प्रत्येकाला तीन गोळ्या, सगळ्यात जवळची धरतात.

पालथी पडले, नळी ओंडक्यावर. कागदाच्या उजवीकडे चार बोटं धरायला गेले, तर तिथे नुसतं काळं. काळ्यावर काळं, बोटं मोजणार कशावर? पहिली गोळी डावीकडे दोन बोटं. दुसरी तर उजवीकडे फळीच्या कडेला. मागे कुणीतरी खोकलं.

डेल्मर माझ्याशेजारी गुडघ्यावर बसला. मला वाटलं आता समजूत घालेल. हळूच म्हणाला, "कागद सरकवा, वहिनी. तुमच्या पाया पडतो."

त्याचा आवाज फाटला होता. बंदूक ज्याच्या घरी जायची त्याचा आवाज असा का फाटावा? विचार करायला वेळ नव्हता. उठले, सगळ्यांदेखत साठ पावलं गेले, कागद काढून चार बोटं उजवीकडे लावला. कुणी हसलं असेल तर मी ऐकलं नाही. परत आले, बार भरला, कुणाला बोलू दिलं नाही.

गोळीने फुलीचा मधला भाग नेला.

पाचवा वाटा मिळाला, कातडं आणि चरबी. चरबी पुढच्या वर्षीच्या चिंध्यांना होईल. बंदूक माझ्याकडे राहिली. आनंद व्हायला हवा.

पण मग त्याने मला जिंकवलं का? खाच त्यानेच सरकवली, याबद्दल मात्र आता शंका उरली नाही. चार बोटं उजवीकडे, हे माप त्याला आधीच ठाऊक होतं. लोकांसमोर काढणार होते ते रेघांचं प्रकरण, काढलं नाही. उद्या एकट्याला विचारते.

७ नोव्हेंबर, रविवार

विचारलं. त्याच्या पडवीत, बंदूक मांडीवर ठेवून, दोन रेघांवर बोट ठेवून.

"मीच सरकवली," तो म्हणाला. "तीन वर्षं, थोडी थोडी. शेवटच्या हिवाळ्यातले शनिवार त्यातच गेले. होबर्टसाठी. त्याच्या डोळ्यांचं मधलं गेलं होतं, वहिनी. ज्याच्याकडे बघायचा तेच दिसायचं नाही, कडेचं तेवढं दिसायचं. मग कडेने नेम धरायचा आणि गोळ्या उजवीकडे जायच्या. कागद सरकवला असता तर गावाला कळलं असतं. म्हणून खाच."

"मला का नाही सांगितलं?"

"आईची शपथ घातली होती. म्हणाला, आर्लीला कळलं तर गाडीची किल्ली काढून घेईल."

घेतलीच असती.

"म्हणजे त्या वळणावर..."

"प्यायला नव्हता. वीस वर्षांत एक थेंब नाही. लोक बोलायचे ते ऐकत राहिलो. शपथ मोडायला हवी होती मी, मोडली नाही."

निघताना त्याने विचारलं, खाच परत जागेवर आणून देऊ का. नको म्हटलं. मी कागद सरकवीन.

८ नोव्हेंबर

सकाळीच थडग्यावर गेले. बराच वेळ बसले. तो माझ्यासमोर तोंड वळवून बसायचा, ते त्याला मी दिसावी म्हणून.