पंचाच्या ओळीतलं नाव

त्या रविवारी सकाळी मी पाणी भरलं, दूध उतरवलं, चादरी भिजत घातल्या आणि केर काढत मागच्या खोलीत गेले. ह्यांना जाऊन सव्वीस दिवस झाले होते. संगणक चालूच होता. सगळ्यांचा खेळ त्याच्यावरच चालतो, बंद करू नका, अशी खेळणाऱ्यांची विनवणी होती. सवयीने तोंडातून गेलं, "अहो, चहा निवतोय." पडद्यावर धावणारे दहाही जण जागीच थांबले. खाली अक्षरं उमटली : "पंच : थांबा. घरून हाक आली."

मृत्युपत्र असं सुरू करत नाहीत, असं वकीलबाई म्हणाल्या. राहू दे. पुढचं सगळं ह्याच्यावरच आहे.

मी, वय एकोणसत्तर, वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या कारागिराची विधवा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहिते. शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचन माझं मीच केलं.

१. राहतं घर मुलीला. स्वयंपाकघराची खिडकी आधी उचलायची, मग ढकलायची.

२. ह्यांची वजनं, कानशी आणि चिमटे धाकट्या दिरांना. "वहिनी, आवरा त्याला, म्हातारपणी बंदुका खेळतोय," असं ते चारचौघांत म्हणाले होते. ते मी माफ केलेलं नाही. पण हत्यारं गंजू नयेत.

३. आता खेळ. बंदुकांचा हा खेळ कंपनीने वाऱ्यावर सोडला, तेव्हापासून खेळणारेच तो चालवतात. त्यात एका बाजूचा जिना दुसऱ्यापेक्षा तीन पायऱ्या लांब होता. "पारडं झुकतंय गं," म्हणत हे अस्वस्थ व्हायचे. सहा वर्षं खपून ह्यांनी सामन्यांसाठी त्याची वेगळी आवृत्ती केली. खेळणारे तिला मॉड म्हणतात. जिने सारखे केले, बंदुका तोलून घेतल्या, आणि पंचाच्या होकाराशिवाय सामना सुरू होणार नाही असा नियम घातला. पंच म्हणून एकच नाव लिहिलं, स्वतःचं. आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे तपासले, पण आपल्यामागे पंच कोण, हे ह्यांना सुचलंच नाही.

तरी ह्यांच्यामागे सामने होत राहिले. मी पुस्तकं आणून पाच महिन्यांत तो कोड ओळ न् ओळ वाचला. पंच चाळीस सेकंद गप्प राहिला तर होकार धरावा, अशी ओळ सापडली. हाकेने थांबण्याची ओळ कुठेच नाही. खोलीत माइकही नाही.

खेळणाऱ्यांची कप्तान, पेशाने परिचारिका, बघायला आली. "काकू, मारा बरं हाक." मारली. सामना थांबला. ती खुर्चीच्या काठावर बसली. "राहू दे ना काकू असंच. काकांसारखा पंच कुठून आणायचा?"

मुलगी म्हणाली, "आई, मेल्यावरही बाबांना कामाला जुंपलंयस तू."

मी तिला गप्प बस म्हटलं आणि रोज हाक मारत राहिले. थांबणं लांबत गेलं. आधी मिनिटभर, मग चार. काल वीस मिनिटं दहा जण पुतळ्यासारखे उभे होते. मग खाली आलं : "घरून हाक आली. येऊ का?"

माझ्या ओठांवर 'या' होतं. मी म्हटलं, "नको." सामना सुरू झाला.

म्हणून संगणक आणि मॉड खेळणाऱ्यांच्या मंडळाला. पंच त्यांनी दरवर्षी निवडावा. ह्यांचं नाव माझ्यामागे कप्तानने काढावं. त्या खोलीत कोणी कोणाला हाक मारू नये.

ठिकाण : राहतं घर, मागची खोली. सोमवार, ९ मार्च.
सही : लिहून देणार, स्वहस्ते.
साक्षीदार : समोरची शिवणकामवाली, कोपऱ्यावरचे औषधविक्रेते. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

पुरवणी, त्याच साक्षीदारांसमोर : कलम तीनमधलं एक काम दुसऱ्यावर टाकणं बरं नव्हे. सहीच्या दुसऱ्या दिवशी मी पंचाच्या ओळीतून ह्यांचं नाव माझ्या हाताने काढलं.