गेर्डाला आग्रह

१४ ऑक्टोबर २०१४

गेर्डाने आजही तोंड फिरवलं! पेअर, अक्रोड, मासा — कशालाच हात लावला नाही. म्हणजे पंजा. जुलैत एका बंद पडलेल्या खाजगी प्राणिसंग्रहालयातून ती आमच्याकडे आली, तेव्हा बादली चाटून लख्ख करायची. आता हे काय नखरे?

मी परभणीची जनावरांची डॉक्टर. इथे जर्मनीत पदवीची आनएर्केनुंग, म्हणजे मान्यता, अजून लटकलेली, म्हणून र्युसेल्सहाइमबाहेरच्या या अस्वलांच्या पार्कात बादल्या उचलते. पण एवढं कळतं — जनावराने वैरण सोडली की ते आजारी. मी तिला खायला लावणारच.

१६ ऑक्टोबर

सासूबाईंना फोनवर सांगितलं. "अगं सुनेत्रा, गूळ दाखव. गुळाला कुणी नाही म्हणत नाही." दाखवला! पेअरला चोळून, वर तूप. गेर्डाने हुंगलं, शिंकली आणि पाठ फिरवून बसली. सत्यजित म्हणतो, "आपल्याकडे मित्र जेवायला यायचे बंद झाले ते याचमुळे." नवरा कसला, वैरी!

२३ ऑक्टोबर

पार्कच्या प्रमुख फ्राऊ केलर. त्यांनी सगळ्यांदेखत झापलं. कुंपणात पेअरचा ढीग, त्यावर गांधीलमाश्या. "ती हिवाळ्याच्या झोपेची तयारी करतेय. तिला नको म्हणजे नको!"

पुस्तकात मीही वाचलं होतं. पण आमच्याकडची अस्वलं कुठे झोपतात थंडीत? त्यातून ही सिमेंटच्या पिंजऱ्यात वाढलेली. तिथे बारा महिने खायला मिळायचं, म्हणून कधी झोपलीच नव्हती. आणि मी आपली पोट भरलेल्या पाहुणीच्या पानात वाढतेय! लाज वाटली. उद्यापासून दाणाही नाही.

२० नोव्हेंबर

आत गेली! आम्ही बांधलेली गवताची खोली सोडून, झाडाच्या मुळाखाली स्वतः खणलेल्या बिळात. शाब्बास गं बाई.

९ जानेवारी २०१५

बिळातून कण्हण्याचा आवाज येतोय. पार्कचे डॉक्टर म्हणाले, "हे बघा, दुखतंय तिला. उद्या भूल देऊन बाहेर काढू."

या थंडीत? अशा झोपेत भूल? परत उठलीच नाही तर? मी म्हटलं, नाही. ते हसले. "तुम्ही बादल्या बघता ना?" हो, बघते! बिळाच्या वाटेवर जाऊन उभी राहिले. बूट बर्फात, दात वाजतायत, पण हलले नाही. तिचं 'नको' मी एकदा ऐकलं नव्हतं. आता ऐकणार.

शेवटी फ्राऊ केलर म्हणाल्या, "सोमवारपर्यंत थांबू. बिळाच्या तोंडाशी माईक लावा." विश्वास नव्हता त्यांच्या बोलण्यात, नुसता थकवा. भीती मलाही वाटतेय. मी चुकत असेन, तर ती माझ्यापायी तळमळून मरेल.

१० जानेवारी

अजून कण्हतेय. सत्यजितने वरणभात पुढे ठेवला. नको म्हटलं. त्याने ताट उचललं.

१२ जानेवारी

कण्हणं थांबलं. माईकवर दुसराच आवाज — बारीक, चिरका, हट्टी. मग त्यावर आणखी एक. फ्राऊ केलरनी गेर्डाच्या जुन्या मालकाला फोन लावला. हो म्हणे, जूनपर्यंत तिच्याच पिंजऱ्यात नर होता. कुणी विचारलंच नाही!

जन्मभर गाभण म्हशी तपासल्या मी.

दोन पिल्लं आहेत.