रकाना नऊ

३ मार्च
सत्कार झाला महाशयांचा! फुलांचा गुच्छ, काचेचं मानचिन्ह, टाळ्या. मी तिसऱ्या रांगेत, खांबाच्या मागे.

राज्याच्या सातही विभागांत नवं काही शोधायची, नवी यंत्रं घडवायची कुवत किती, ती मोजायची आणि सगळ्यांना एका ओळीत उभं करायचं – हे आमच्या कचेरीचं काम. बावीस रकाने, त्यावरून गुण, त्यावरून क्रम. ही पद्धत मी बसवली. आजवर अकरा अहवाल मी केले. अकराही मुखपृष्ठांवर नाव महाशयांचं. माझं शेवटच्या पानावर, 'यांचे सहकार्य लाभले' मध्ये, ड्रायव्हरच्या खाली.

आणि आज मंचावरून काय म्हणाले? "ही पद्धत मला एका रविवारी अंघोळ करताना सुचली." लोक हसले! माझी पद्धत यांच्या बादलीत कशी गेली?

६ मार्च
विसरणार नाही. क्षमा करायला मी काही संत नाही.

११ मार्च
सापडलं!!

बावीसपैकी एकवीस रकान्यांत जास्त म्हणजे चांगलं. जास्त पेटंट, जास्त प्रयोगशाळा, जास्त इंजिनियर. सगळ्यात मोठ्या आकड्याला शंभर गुण, सगळ्यात लहानाला शून्य. एकटा रकाना नऊ उफराटा. नवं यंत्र विकायला काढण्याआधी त्याची सरकारी चाचणी लागते. त्या चाचणीसाठी किती दिवस ताटकळावं लागतं, ते तिथे. इथे कमी ते चांगलं. म्हणून गुण देण्याआधी हा रकाना उलटवून घ्यावा लागतो. दर वर्षी मी न चुकता उलटवते.

महाशयांना हे ठाऊकही नाही. त्यांनी गणिताची पानं कधी उघडलीच नाहीत, ते फक्त क्रम बघतात.

यंदा मी उलटवणार नाही.

१२ मार्च
करून पाहिलं. खाडीकडच्या विभागात चाचणीला चारशे बारा दिवस लागतात. सगळ्यात वाईट – म्हणून शंभरपैकी शंभर! पठारावर अडतीस दिवस – म्हणून भोपळा! खाडीकडचा विभाग पाचव्यावरून थेट पहिला. आणि मजा अशी की तो महाशयांचा स्वतःचा विभाग. लोक म्हणतील, आपल्या गावाला वर काढलं. गाढवपणा आणि लबाडी, दोन्ही एकाच दगडात.

प्रकाशनाला अर्थसमितीतल्या त्या करड्या चष्म्याच्या बाई येतील. त्या भाषणं ऐकत नाहीत. मांडीवर अहवाल उघडतात आणि लाकडी पट्टी लावून तक्ते वाचतात, ओळीन् ओळ. मागे एका संचालकाला त्यांनी भरसभेत घाम फोडला होता. त्यांच्या नजरेतून हे सुटणार नाही.

१७ मार्च
क्रम दाखवला. महाशय खुर्चीतून उठलेच! "बघा, मी म्हणत होतो ना? आमच्याकडच्या माणसांचं डोकं चालतं." मी म्हटलं, हो सर. ओठ चावून चावून दुखायला लागले.

मग जरा वेळानं म्हणाले, "तुम्ही सगळं तपासलंत ना? मग मी बघत नाही." कधी बघितलंत हो?

२४ मार्च
खाडीकडून फोन. धान्य निवडायचं यंत्र बनवणारी बाई. मागच्या वर्षी माहिती गोळा करताना भेटली होती. यंत्र अजून चाचणीच्या रांगेतच आहे. म्हणाली, "ताई, तुमच्या अहवालात आमची रखडपट्टी येणार ना? आली तरच इथे दुसरं चाचणी केंद्र देतील."

येणार, म्हटलं.

नंतर जेवण गेलं नाही. आईनं विचारलं, "काय गं, कुणाशी भांडलीस?" कुणाशीच नाही. पण सुक्याबरोबर ओलं जळतंच. आणि चूक एकदा चव्हाट्यावर आली की सुधारून छापतीलच की! महिनाभर उशीर होईल, एवढंच.

२ एप्रिल
मुद्रितं आली. पान एकेचाळीस, रकाना नऊ. बराच वेळ बघत बसले. ती बाई डोळ्यांपुढून हलेना. शेवटी लाल पेन काढलं. खरंच काढलं होतं! रकान्याशेजारी 'उलटवणे' असं लिहायला घेतलं, 'उ' काढला –

तेवढ्यात महाशय आले आणि वरचं पान माझ्या हाताखालून ओढून घेतलं. "मुखपृष्ठाचं मी बघतो. त्यात तुम्ही लक्ष घालू नका. तुम्ही आतलं बघा." पान उराशी धरून गेलेसुद्धा, चोरासारखे!

तळपायाची आग मस्तकात गेली. मुखपृष्ठ बघायचीही माझी लायकी नाही? मोलकरणीनं दिवाणखान्यात बसू नये, तसं?

'उ' खोडरबरानं घासून घासून काढला. कागद फाटायचा राहिला. खाली सही केली: तपासले, छापावे.

९ एप्रिल
छापून झालं. प्रती बांधून थेट सभागृहात गेल्या, इथे एकही आली नाही. महाशय दिवसभर शीळ घालत होते. घाला.

१४ एप्रिल
उद्या! चांगले कपडे इस्त्री केले. आई म्हणाली, "कुणाचं लग्न आहे?" म्हटलं, तेरावं आहे. ती रागावली, असलं अभद्र बोलू नये म्हणाली. पण मी आज किती वर्षांनी गुणगुणत भांडी घासली. खांबामागे बसणार नाही उद्या. कडेची खुर्ची धरणार, तोंड नीट दिसेल अशी.

१५ एप्रिल
मुखपृष्ठावर एकच नाव आहे. माझं.

प्रस्तावनेत महाशयांनी लिहिलंय – 'आजवरचे अकराही अहवाल यांचे, नाव मात्र माझे लागले. निवृत्त होताना निदान बारावा तरी ज्याचा त्याला देतो.' मला मंचावर बोलावलं, स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. समोर पहिल्या रांगेत आई! मी निघाल्यावर त्यांनीच गाडी पाठवून आणवली होती. ती रडत होती, टाळ्या वाजवत होती, शेजारणीला माझ्याकडे बोट करून दाखवत होती.

तिची शेजारीण म्हणजे करड्या चष्म्याच्या बाई. त्यांनी पान एकेचाळीसवर पट्टी ठेवली, मुखपृष्ठ उलटून नाव वाचलं आणि हात वर केला.