कमांडर होशिदाचं चुकलंच

१० ऑगस्ट, रविवार
चहा पिताना लेकीने, रुचाने जाहीर केलं. हृषिकेश नावाचा मुलगा आहे. डार्विनला गॅस प्लांटवर इंजिनिअर. फादर्स डेला, म्हणजे इथे सप्टेंबरात, जेवायला येतोय. तिलाही तिकडच्या हॉस्पिटलमधून नोकरीची ऑफर आहे. अजून हो म्हटलेलं नाही.
डार्विन! देशाच्या दुसऱ्या टोकाला, विमानाने साडेचार तास. इथे क्वेकर्स हिलमध्ये स्वतःची खोली, वेस्टमीडला ट्रेनने जाता येईल अशी फिजिओची नोकरी, डबा आईचा. मी शांतपणे विचारलं, मुलाला आवड कशाची? (बायको, विनीता म्हणते, शांतपणे नव्हतं.) रुचा म्हणाली, सध्या आम्ही दोघं एक जुनी जपानी सीरियल बघतोय, महाकाय रोबोंची.
तीस वर्षांचा घोडा कार्टून बघतो. बाद.

११ ऑगस्ट
प्लॅन तयार. माझ्या सासऱ्यांनी पुण्यात पोहे थंड होईपर्यंत मला प्रश्न विचारले होते, होमलोनपासून पायोरियापर्यंत. मीही विचारणार, पण त्याच्याच विषयात. सगळी सीरियल बघायची, त्याला कोंडीत पकडायचं. तो चिडेल. रुचाला बालिशपणा दिसेल. डार्विनचा विषय आपोआप मिटेल. मला वाईटपणा नाही.
दीडपट स्पीडने बघणार. हा रिसर्च आहे.

१२ ऑगस्ट
दोन ग्रहांचं युद्ध. दहा मजली रोबो, आत मिसरूड न फुटलेला पायलट. शत्रूच्या रोबोत एक मुलगी. दोघं गोळीबार चालू असताना वायरलेसवर भांडतात. युद्धात एवढ्या गप्पा कोण मारतं?
रोबोचे गुडघे चुकीचे आहेत. मी आयटीवाला असून मला कळतं.
दीडपट स्पीडला सबटायटल्स वाचता येत नाहीत. उद्यापासून सव्वापट.

१७ ऑगस्ट, रविवार
अखेर एक शहाणा माणूस भेटला. कमांडर होशिदा, त्या मुलीचे वडील. पोरगी शत्रूच्या पायलटकडे निघाली तर त्यांनी तळाचं गेटच बंद केलं. शाब्बास.
स्पीड नॉर्मल केला. म्युझिक बिघडत होतं.
विनीताने विचारलं काय बघतोयस. ऑफिसचं ट्रेनिंग म्हटलं. म्हणाली, ट्रेनिंगमध्ये कोणी गेलं का, डोळे लाल आहेत.

२४ ऑगस्ट, रविवार
शेजारचा मुरलीधर बार्बेक्यूला बोलवत होता. काम आहे सांगितलं.
मुलगी बापाशी बोलतच नाही. किती एपिसोड झाले. होशिदा एकटाच जेवतो. गेट बंद आहे, मुलगी घरात आहे, सगळं त्याच्या मनासारखं आहे, तरी त्याच्या घशाखाली घास उतरत नाही.
या वर्षी पोलनची अ‍ॅलर्जी लवकर सुरू झालीय. अँटिहिस्टॅमिन आणलं. फरक नाही.

३१ ऑगस्ट
संपली. होशिदाने स्वतः गेट उघडलं. वीज गेलेली, म्हणून हाताने ढकलून. मुलगी बाहेर पडली, वळून पाहिलं, गेली.
रिसर्च पूर्ण. अवघड प्रश्न काढलाय: होशिदाने गेट का उघडलं? पोराची बोबडी वळणार.

७ सप्टेंबर, फादर्स डे
हृषिकेश आला. उंच, सभ्य, श्रीखंड दोनदा घेतलं. पोळी तोंडात असतानाच प्रश्न टाकला.
तो म्हणाला, काका, सॉरी, मी चारच एपिसोड बघितलेत. मला झोप लागते. ती सीरियल रुचाची आहे, शाळेपासूनची. तिच्या खोलीत पोस्टर नाही का, एवढं मोठं?
मी उठून बघून आलो. आहे. पलंगाच्या वर. मला इतकी वर्षं ते कुठल्यातरी बँडचं वाटत होतं.
रुचा माझ्याकडे बघत होती. तिने विचारलं, "बाबा, यू वॉच्ड द होल थिंग? मग तूच सांग ना, का उघडलं?"
प्रश्न माझ्याच विषयातला. मला राहवलं नाही. तळावरचे आदेश, वीज, युद्धाची परिस्थिती, सगळं सविस्तर सांगितलं. भाजी गार झाली. शेवटी म्हटलं, "बापाने दुसरं करायचं काय? गेट बंद ठेवून मुलगी घरात राहते, आपली राहत नाही."
मग रुचा म्हणाली, थँक्स बाबा, उद्या हॉस्पिटलला हो कळवते.

८ सप्टेंबर
मी परवानगी दिलेली नाही. मी कार्टूनबद्दल बोलत होतो. विनीता म्हणते, सगळ्या टेबलाने ऐकलंय. होशिदाने घाई केली असं माझं आता स्पष्ट मत आहे. रुचाशी यावर सविस्तर बोलणार.

२० सप्टेंबर
बोलणार होतो. ती पॅकिंगमध्ये होती. खोक्यांना टेप लावून दिली.

२७ सप्टेंबर, शनिवार
सकाळी एअरपोर्टला सोडलं. फार बोलणं झालं नाही, ड्रॉप-ऑफला थांबू देत नाहीत. तिने वळून पाहिलं. मी वायपर तपासत होतो.
संध्याकाळी फोन आला. पोचले, गरम आहे, हृषिकेश खुर्चीतच झोपलाय. मग विचारलं, काय करतोयस? मी म्हटलं, काही नाही. विनीता किचनमधून म्हणाली, परत पहिल्यापासून लावलंय.
रुचा म्हणाली, "वेट, मीपण लावते."
फोन चालू ठेवून दोघांनी एकदम प्ले दाबलं. तिचं थोडं पुढे होतं. मी माझं थांबवून जुळवायला गेलो, तर आणखीच मागे पडलो.