सोमवारची गोळी

८ जुलै २०२५, मंगळवार
काल सकाळी सईने आणलेल्या सात खणांच्या डबीतून सोमवारची गोळी काढली. थोडा वेळ तळहातावर धरली. मग देव्हाऱ्यात, महादेवाच्या पिंडीमागे सरकवली. नेहमीसारखी! माझा सोमवार निर्जळी, मंगळवारी सकाळी सोडायचा. आणि ही गोळी भरल्या पोटी, पेलाभर पाण्यासोबतच घ्यायची. दोन्ही एका दिवसात कसं बसवायचं? खण रिकामा दिसला की लेक खूश.

९ जुलै
गेल्या वर्षी कंपनीच्या वार्षिक तपासणीत निघालं होतं हे दुखणं. त्रास असा नव्हताच — थकवा, डाव्या बरगडीखाली जडपणा. पांढऱ्या पेशी लाखाच्या वर! शाळेत शिकलो होतो, पांढऱ्या पेशी म्हणजे रक्तातले शिपाई. वाढल्या तर बरंच की! डॉक्टरीणबाई उल्हासनगरच्या, सिंधी. म्हणाल्या, “काका, भरती चालूच आहे, कोणी थांबवणारा नाही.” पाणथरीही, म्हणजे प्लीहा, वाढलेली. गावाकडे पाणथरीच्या पोरांना पोटावर तापल्या सळईचे डाग देत. मला कमरेच्या हाडात सुई घातली. हाडातला मगज तपासला. दोन गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदललेत म्हणे. मी अंबरनाथला रंगाच्या कंपनीत स्टोअर बघतो. दोन डब्यांची झाकणं बदलली तर पुढे काय होतं, ते मला कोणी सांगायला नको.

“ब्लड कॅन्सरच आहे. पण ह्याला गोली आहे. रोज घ्या, नोकरी करा, नातवंडं बघा.”

त्याच आठवड्यात शिवमंदिरात जाऊन हातावर पाणी घेतलं, सोमवारचा संकल्प सोडला. थोड्याच दिवसांत पेशी जागेवर! गोळीने की सोमवारने? कोण सांगणार?

१७ जुलै
रक्तात रोगाचं जनुक किती उरलंय, त्याचा रिपोर्ट आला. उतरत चाललेला आकडा चढलाय.
“गोली रोज घेता ना?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.
“रोज.” तोंडातून गेलंच!
“रोज घेऊन चढतोय, मतलब रोगाने रूप बदललं असेल. तपासावं लागेल. मग दुसरी, कडक गोली.”
बायको, बकुळा, सोबत होती; कुळगावला घरी पोचेपर्यंत खिडकीबाहेरच बघत राहिलो.

२० जुलै, रविवार
श्रावण तोंडावर आला म्हणून बकुळाने देव घासायला काढले. पिंड उचलली — मागे ओंजळभर गोळ्या.
“महादेवाला काय रोग झालाय, त्याला गोळ्या चारताय?”
आणि तिथेच बसून रडली. सई दारात उभी. “बाबा, सगळ्या मंडेच्या?”
मान हलवली.

२१ जुलै, सोमवार
बकुळा ताट घेऊन समोर. घास हातात घेतला, खाली ठेवला. शब्द दिलाय महादेवाला. मोडला आणि पेशी पुन्हा उसळल्या तर? आणि पाळून उसळल्याच आहेत की!

२४ जुलै
डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. त्यांनी रिपोर्ट मिटून बाजूला ठेवला.
“काका, मी रोगाशी लढते, आणि तुम्ही मलाच फसवता?” मग आवाज उतरला. “अर्धवट गोलीनेच रोग शहाणा होतो. तपासणी करूच. पण आजपासून एकही खाडा नको. तुमच्या देवाशी मी नाही बोलणार, तुम्हीच बोला.”

२७ जुलै
देवाशी बोललो. मनात एकच घोळतंय — संकल्पही सोडतात, उपवासही सोडतात. धरताना पाणी, मोडताना पाणी. शब्दही एकच.

२८ जुलै, पहिला श्रावणी सोमवार
सकाळी बकुळाने वरणभात वाढला. पोटभर जेवलो. पेलाभर पाण्यासोबत गोळी घेतली. पिंडीमागे आज फक्त बेल.