कॉलेजचं नाव सांगायचं नाही

३ नोव्हेंबर
मेडिसिनचा रेसिडेंट म्हणून नाशिकच्या हॉस्पिटलात रुजू. एमबीबीएस मुंबईच्या त्या कॉलेजातून, जिथं नंबर लागला की गावात बॅनर लागतो. माझाही लागला होता. संकल्प: इथं कॉलेजचं नाव कुणाला सांगायचं नाही. उगाच न्यूनगंड येतो लोकांना.
आज फक्त युनिटच्या प्रमुख छाया मॅडम, दोन सिस्टर, लिफ्टमन आणि कॅन्टीनवाला एवढ्यांनाच सांगितलं.

४ नोव्हेंबर
सोबतची रेसिडेंट डॉ. अदिबा, मालेगावची. तिचं कॉलेज कुठलं, हे तीनदा विचारावं लागलं. गूगलवर शोधलं तर आधी एक डी.एड. कॉलेज आलं. वाईट वाटलं. तिला हाताशी धरून तयार करायचं ठरवलं. तिला अजून कळवलेलं नाही.

९ नोव्हेंबर
राउंडला एका आजोबांचे हात थरथरत होते. मी ओळीनं तीन दुर्मीळ आजार सांगितले. अदिबानं आजोबांना विचारलं, थंडी वाजते का? वाजत होती. तिनं पंखा बंद केला, हात थांबले.
माझं निदान चुकलं नाही. हवामान बदललं.

१४ नोव्हेंबर, दु. ४
पिंपळगावहून पुंजाराम नावाचा माणूस आला. उलट्या, जुलाब, दरदरून घाम. मी गॅस्ट्रो लिहिलं, सलाईन लावलं. बायको फुलाबाई म्हणत होती, "डाक्टर, त्यांच्या तोंडाला लय लाळ येती." मी म्हणालो, उलटीत येतेच.
अदिबा पेन मागायला आली होती. पुंजारामचा शर्ट हुंगला, पापणी वर करून टॉर्च मारला. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.
"मावशी, फवारणी कधी केली?"
"सकाळीच. द्राक्षाच्या बागंत."
तोवर तोंडाला फेस आला, श्वास घरघरायला लागला. अदिबानं फवारणीच्या विषावरचं अट्रोपिन सिरिंजमध्ये भरलं. कपडे कापा, अंग धुवा, म्हणून ओरडली. मी शेजारी उभा राहून ते विष नेमक्या कुठल्या एन्झाइमवर कसं काम करतं ते घडाघडा सांगितलं. एकही चूक नाही. मग ती म्हणाली, "सर, ते नंतर. आधी त्यांचे पाय धरा."
धरले. उत्तम टीमवर्क.

१५ नोव्हेंबर
पुंजाराम वाचला. मीटिंगमध्ये छाया मॅडमनी विचारलं, निदान कुणाचं? मी म्हणालो, "आमचं." अदिबानं पुढचा केसपेपर काढला. ती भांडली असती तर बरं झालं असतं. दिवसभर जेवण गेलं नाही. कॅन्टीनची भाजीच तिखट असावी.

१६ नोव्हेंबर
शेवटी अदिबाला विचारलं, तुमच्या कॉलेजात हे इतकं चांगलं शिकवतात? ती हसली. म्हणाली, कॉलेज अगदी भंगार होतं, निम्मे बेड रिकामे. म्हणून सुट्टीत ती सटाण्याला एका डॉक्टरांकडे जाऊन बसायची. फवारणीचे पेशंट तिथं पाहिले.
मग तिनं सहज विचारलं, तुमच्याकडे तर पेशंटची रीघ असेल ना?
होती. कॅज्युअल्टीत फवारणीचे पेशंट ठाणे-पालघरकडूनही यायचे म्हणे. 'म्हणे', कारण इंटर्नशिपभर मी लायब्ररीत बसून पीजीच्या प्रवेशपरीक्षेचे प्रश्न सोडवत होतो. हजेरी मित्र लावायचा.
कॉलेज नामांकित होतं, यात शंका नाही. मी तिथं फारसा गेलो नव्हतो, एवढंच.

१७ नोव्हेंबर
छाया मॅडमना जाऊन सांगितलं, निदान अदिबाचं होतं, मी गॅस्ट्रो लिहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, "माहीत आहे. केसपेपर मीही वाचते."

२१ नोव्हेंबर, स. ७
अदिबाला म्हणालो, मला शिकव. ती म्हणाली, सकाळचं रक्त घेण्यापासून सुरू करा. पहिला बेड पुंजारामचा. दोनदा टोचलं, शीर सापडली नाही. फुलाबाई बघत होती. माझ्या कपाळावर घाम.
पुंजारामनं स्वतःच दुसरा हात पुढं केला.
"शिका डाक्टर. मला घाई नाय."